जुनी मस्टँग ऑस्ट्रेलियात नव्याने उभी करताना

फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४मध्ये अमेरिकेत बाजारात आली आणि त्यानंतर सुमारे दोनशे गाड्या सिडनीजवळच्या होमबुश कारखान्यात उजव्या स्टिअरिंगच्या करून विकल्या गेल्या. ऑस्ट्रेलियात आज दिसणाऱ्या बाकीच्या बहुतेक मस्टँग नंतर अमेरिकेतून आणलेल्या आहेत. पुढील सूचना १९६५ आणि १९६६च्या मॉडेलसाठी असल्या, तरी त्या काळातल्या इतर अमेरिकी गाड्यांनाही त्यातल्या बऱ्याच लागू पडतील.

गाडी जहाजावर चढण्यापूर्वी आयातीची परवानगी हातात असली पाहिजे. सध्याच्या कायद्यानुसार २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ती मिळू शकते. खरी अडचण ॲस्बेस्टॉसची, म्हणजे आरोग्याला घातक अशा तंतुमय खनिजाची, असते. ऑस्ट्रेलियात त्यावर ३१ डिसेंबर २००३पासून संपूर्ण बंदी आहे आणि गाडी कितीही जुनी असली तरी सीमेवर तिला सूट नाही. ब्रेक शू, क्लच प्लेट, गॅस्केट, तळाला फासलेला डांबरासारखा थर, अशा कशातही तो सापडू शकतो. म्हणून संशयित भाग अमेरिकेतच काढून टाकावेत आणि उरलेल्यांचे प्रयोगशाळेचे अहवाल कागदपत्रांना जोडावेत. बंदरावर गाडी अडकल्यानंतरचा तपासणीचा खर्च मालकाच्याच माथी येतो. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात एका उपद्रवी ढेकणवर्गीय किडीमुळे अमेरिकेतून येणाऱ्या वाहनांवर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रियाही करावी लागते, त्यामुळे जमल्यास हा हंगाम टाळावा.

खरेदीपूर्वी डाव्या बाजूच्या आतील मडगार्डवर कारखान्यात ठोकलेला वाहन क्रमांक वाचावा. त्यातले पाचव्या जागेवरचे अक्षर मूळ इंजिन सांगते: टी म्हणजे सहा सिलिंडरचे २०० घनइंची, सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे २८९ घनइंची व्ही-एट (आठ सिलिंडरचे), ए म्हणजे तेच चार नळ्यांचे. क्रमांकात टी आणि बॉनेटखाली व्ही-एट असेल, तर ती गाडी मूळ व्ही-एटच्या भावाने घेऊ नये.

पत्राकाम इंजिनाच्या आधी करावे, कारण सडलेल्या सांगाड्यात नवे इंजिन बसवणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे आहे. या गाडीचे वर्मस्थान काचेच्या खालची, हवा आत घेणारी दुहेरी पत्र्याची पेटी हे आहे. पेटीत पाने आणि माती साचते, ओल टिकते आणि हवेच्या भोकांभोवतीचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. तपासणी सोपी आहे. समोरचा गालिचा काढावा, वायपरजवळच्या जाळीत नळीने सावकाश पाणी सोडावे आणि दुसऱ्या माणसाने बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली पाहावे. सगळे पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांमागे बाहेर पडले तर पेटी धड आहे. आत थेंब पडू लागले, तर वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे वेल्डिंगचे जोड) ड्रिलने सोडवून पेटी उघडावी लागेल. सिलिकॉन भरून गळती थांबवण्याचा उपाय विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. याच पाण्याने पायाखालचा पत्राही जातो. मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. तो जिथे चिकटत नाही, तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असते. तळाचा पत्रा कापण्यापूर्वी गाडी सपाट टेकवून दारांच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड कराव्यात. उघड्या टपाच्या गाडीत ही काळजी घेतली नाही, तर दारे पुन्हा बसत नाहीत.

स्टिअरिंग उजवीकडे नेण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते तो टाळावा. त्यासाठी पेडल, डॅशबोर्ड आणि इंजिनामागची पत्र्याची भिंत सारेच बदलावे लागते, शिवाय मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. न्यू साउथ वेल्स राज्यात ३० वर्षे जुनी गाडी डाव्या स्टिअरिंगसह नोंदवता येते.

ब्रेकबाबत मात्र मूळपणाचा हट्ट नको. १९६६पर्यंत ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एकेरी होता, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात; दुहेरी सिलिंडर बसवावा आणि बदल नोंदणीत चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. शिसेयुक्त पेट्रोल २००२पासून बंद आहे, आणि व्हॉल्व्हच्या सीटची (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांची) झीज ते शिसेच रोखत असे, तेव्हा इंजिन उघडलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या करून घ्याव्यात. सर्व नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. ७/१६, १/२ आणि ९/१६चे पाने लागतातच.

हौशी वापरासाठी जुन्या गाड्यांच्या क्लबमार्फत स्वस्त नोंदणी मिळते. व्हिक्टोरिया राज्यात २५ वर्षांपुढील गाडीला वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा परवाना असतो, न्यू साउथ वेल्समध्ये वयाची अट ३० वर्षांची आहे. परवान्यासोबतच्या वहीतली त्या दिवसाची नोंद गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी करावी लागते, परतल्यावर नव्हे.