शेतकरी पणजोबांचा शोध : सातबाऱ्यापासून फेरफारापर्यंत

सुरुवात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून करा. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि भावंडं विचाराच, पण शेताला घरात काय म्हणायचे तेही विचारा: माळाचं, ओढ्याकाठचं, आंब्याचं. एकाच माणसाच्या दोन-तीन ठिकाणच्या जमिनी वेगळ्या ओळखायला ही नावं फार उपयोगी पडतात.

मग त्या जमिनीचा आजचा सातबारा काढा. तो ऑनलाइन मिळतो. त्यावर पणजोबा बहुधा नसतीलच, पण तळाशी जुन्या फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. ते सगळे वहीत उतरवून घ्या. गावात जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना झाली असेल तर जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला असतो. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातून नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मागा. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ त्यात लागतो. तो लागल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर भलत्याच्याच शेताचा इतिहास गोळा कराल.

आता फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. माझ्या मते खरा माणूस इथेच भेटतो. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली आणि का गेली, ते फेरफार सांगतो. वारसाच्या नोंदीत खातेदार कधी मयत झाला आणि मागे कोण राहिलं ते असतं. मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (लहान मुलाचा पालक) आणि तिथे आईचं नाव दिसलं, तर वडील गेले तेव्हा मुलं लहान होती, हे लगेच कळतं. ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कारभारी. गहाणखत, तगाई (सरकारी शेतीकर्ज), सोसायटीच्या कर्जाचा बोजा या नोंदी वर्षांनुसार लावून बघा; अडचणीचा काळ कोणता होता याचा अंदाज येतो. पणजोबा कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत असतील तर पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिनानंतरचे फेरफार बारकाईने वाचा. कसेल त्याच्या नावावर जमीन झाल्याच्या नोंदी त्यात असतात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना ‘सगळे जुने कागद’ असं मोघम लिहू नका. गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक नेमके द्या. जन्म-मृत्यूसाठी तिथेच कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. जुन्या नोंदींत आडनाव नसतं, ‘गणू बिन राघू’, म्हणजे राघूचा मुलगा गणू, एवढंच असतं. गणपतचा गणू झालेला असतो, म्हणून केवळ नावावर विसंबू नका. वडिलांचं नाव आणि सर्व्हे नंबर दोन्ही जुळायला हवेत. कागद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडूनच वाचून घ्या. मराठवाड्यात उर्दू कागदही निघतात, आणि तिथे १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे शेतवार पाहणीची नोंद, जरूर बघा.

आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदींचं पुस्तकही बघून घ्या.

शेवटी नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या घराण्याची वही शोधता येते. यात्रेला किंवा अस्थिविसर्जनाला आलेल्यांची नावं तिथे मिळाली, तर ती फेरफारातल्या वारसांशी ताडून पाहा. सातबाऱ्यावर कधीच न आलेल्या मुली-सुनांची नावंही एखादे वेळी याच वहीत सापडतात.