शुगर निघाली? घरचं जेवण टाकू नका, माप बदला

शुगर निघाली की आपल्याकडं पहिला सल्ला पै-पावण्यांचा, भात बंद कर आणि भाकरी खा. मग माणूस जोंधळ्याच्या तीन भाकऱ्या हाणतो आणि वर म्हणतो मी भात सोडलाय की ओ. जोंधळा चांगलाच, फायबर आहे, पोटाला आधार राहतो, पण 100 ग्रॅम जोंधळ्यात पण 70 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतंय आणि त्याची शेवटी रक्तात साखरच होते. नाचण्याचं पण तेच. म्हणजे धान्य कुठलं यापेक्षा किती, हा खरा प्रश्न.

ताट असं वाढून घ्या. अर्ध्या ताटात भाजी, म्हणजे मेथी, दोडका, वांगं, काकडी, मुळा, काय असेल ते, बटाटा त्यात धरायचा नाही. पाव ताटात मटकी नाहीतर हुलग्याची उसळ, घट्ट आमटी, अंडी, मासे. उरलेल्या पाव भागात एक मध्यम भाकरी किंवा एक छोटी वाटी भात, दोन्ही नको. आपल्या बेळगाव भागात निपाणी-चिकोडीकडं भाकरी झाल्यावर भात घेतल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही आणि खानापूरकडं तर भातच मुख्य, त्यामुळं सुरवातीला जड जाणार, पण भात वाटीनं मोजूनच वाढून घ्या, पातेलं समोर ठेवून बसलात तर हात थांबत नाही. आणि खायचं ते भाजी-उसळ आधी, भाकरी-भात मागनं. याच क्रमानं तेच जेवण जेवलं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते.

आता चहा, खरी मारामारी इथंच. आपल्या घरात एकाच पातेल्यात साखर टाकून सगळ्यांचा चहा उकळतात, मग तुमचा वेगळा कोण करणार? तर चहापत्ती-दूध उकळलं की साखर टाकायच्या आधी तुमचा कप गाळून काढायला सांगा, वेगळं पातेलं लागत नाही आणि घरचे कुरकुर पण करत नाहीत. एका चमच्यात 4-5 ग्रॅम साखर, दिवसात चार कप दोन-दोन चमच्यांचे झाले की हिशेब तुम्हीच करा. एकदम सोडवत नसेल तर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. पावण्यांच्या घरी मात्र दारातच सांगा, चहा हातात आल्यावर नको म्हटलं तर ते रागावतात आणि तुम्ही पिता.

गूळ चालतो असं सांगणारे गुऱ्हाळाच्या दिवसांत जास्त भेटतात. नाही चालत! गूळ, काकवी, उसाचा रस, साखर, शुगरच्या दृष्टीनं सगळी एकच जात. संध्याकाळचे चुरमुरे हलके वाटतात पण ते तांदळाचेच आणि शुगर पटकन चढवतात, त्यापेक्षा मूठभर भाजलेल्या शेंगा नाहीतर फुटाणे घ्या.

लग्नात होळगी (पुरणपोळी), हुग्गी (गव्हाची खीर) आणि घरी कोणी आणलेला कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) यातनं कोणाची सुटका नाही. खायचंच असेल तर एक चमचा कुंदा जेवणाच्या शेवटी, त्या वेळी भात सोडायचा, आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचं.

ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तानं घरीच शुगर मोजायचं यंत्र, घ्या. जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा बघा. बऱ्याच जणांसाठी जेवणाआधी 80 ते 130 आणि दोन तासांनी 180 च्या आत असं धरतात, तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. आज भाकरी, उद्या भात असं बघून वहीत लिहिलं की तुमच्या अंगाला काय मानवतंय ते कळतंय.

एक सांभाळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडची (शुगर उतरवायची) गोळी चालू असेल तर जेवण एकदम कमी करू नका, शुगर फार खाली जाऊ शकते, सोमवारचा कडक उपास नको, सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाताना बांधून नेलेलं वेळेवर खा. घाम सुटला, हात थरथरायला लागले, शुगर 70 च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातनं घ्या, 15 मिनिटांनी परत तपासा, नाही वर आली तर परत घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. किडनीचा त्रास असेल तर डाळ-उसळ किती खायची हे पण आधी डॉक्टरांना विचारा, आणि भात-भाकरी कमी करायच्या आधीच त्यांना सांगा, गोळीचा डोस बदलावा लागू शकतो.