घोटा मुरगळला? या चुका टाळा

पाऊल आत वळून घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणला जातो किंवा फाटतो. फिब्युला (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) आणि टॅलस (त्याखालचं घोट्याच्या सांध्यातलं हाड) या दोन हाडांना जोडणारा पुढचा पट्टा सगळ्यात आधी जातो.

चालता येतंय, म्हणजे हाड शाबूत आहे. हा समज सगळ्यात महागात पडतो. शरीराचा बहुतेक भार टिबिया, म्हणजे नडगीचं जाड हाड, पेलते, त्यामुळे फिब्युला मोडूनही माणूस लंगडत चालू शकतो. म्हणून बोटाने दाबून पाहा: दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध लागणारा उंचवटा, म्हणजे करंगळीच्या लांब हाडाचं बूड. शेवटी पावलाच्या आतल्या कमानीवरचं नॅव्हिक्युलर हे हाड. यांपैकी कुठेही हाडावरच कळ आली, किंवा मुरगळल्या क्षणी आणि नंतरही लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर या दाबण्यावर विसंबू नका. वाढत्या वयातल्या मुलांचंही तसंच. त्यांच्या हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा लिगामेंटपेक्षा कमकुवत असते आणि तीच आधी दुखावू शकते.

आणि एक्स-रे 'नॉर्मल' आला म्हणून काही झालंच नाही असं नव्हे. लिगामेंट त्यात दिसतच नाही.

लगेच मालिश आणि गरम शेक. पहिले दोन-तीन दिवस दोन्ही नकोत. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळल्याने आणि उष्णतेने रक्तस्राव आणि सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर ठेवलात तर चट्टा पडेल. बर्फाने वेदना कमी होते, फाटलेलं सांधत नाही, हेही लक्षात असू द्या.

क्रेप बँडेज नुसत्या घोट्यावर गुंडाळणं. मग सूज पावलात उतरते. पाऊल काटकोनात धरा, बोटांच्या बुडापासून सुरुवात करा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवा, टाच झाका आणि वर जाताना ताण कमी करत पोटरीच्या खाली थांबा. बोटं निळी, गार किंवा मुंग्या आल्यासारखी झाली की लगेच सोडा.

तीन आठवडे पाय हलवायचाच नाही, हाही गैरसमज. लिगामेंटमधले नवे कोलॅजनचे धागे ताण मिळाला तरच योग्य दिशेने रचले जातात. पूर्ण फाटलेला पट्टा डॉक्टर काही दिवस घोटा स्थिर ठेवणाऱ्या खास बुटात ठेवतील, ते वेगळं. साध्या लचकीत दोन-तीन दिवसांनी पाऊल वर-खाली करायला लागा, मग हळूहळू भार द्या. दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

दुखणं थांबलं की लगेच मैदानात, हीही चूक. दुखणं काही आठवड्यांत जातं, पट्टा पक्का व्हायला महिने लागतात. शिवाय सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोकंही दुखावलेली असतात. तोच घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो त्याचं हे मोठं कारण, आणि व्यायामात नेमकं हेच वगळलं जातं. एका पायावर 30 सेकंद उभे राहा, जमलं की डोळे मिटून, भिंत हाताशी ठेवून. दुसऱ्या पायाशी तुलना करा. फरक मिटेपर्यंत धावणं-उड्या नकोत आणि खेळताना घोट्याला आधार देणारा ब्रेस वापरा.

सहा आठवड्यांनंतरही आत खोल दुखत असेल किंवा सांधा अडकत असेल, तर टॅलसवरच्या कूर्चेला इजा झालेली असू शकते. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा.