चिऱ्याच्या मातीचा जलरंग

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना रस्त्याकडेच्या दरडीत जो तांबडा दिसतो, तो मला ट्यूबमध्ये कधी सापडला नाही. बर्न्ट सिएना हा विकतचा तांबूस-तपकिरी जवळ येतो, पण त्याच्यात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तो जांभळटपणा नसतो. म्हणून आमच्या शिवारांची चित्रं मी ह्याच मातीने रंगवते.

माती परड्यातली घ्या, मूठभर पुरते. भीमगड अभयारण्यातून उचलू नका. वाळवून, कुटून ती बादलीभर पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. खडे-वाळू तळाला बसली की वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. हे दोन-तीनदा करा. इथे घाई नकोच, कारण वाळूचा एक कण राहिला तरी कागद ओरखडतो. शेवटच्या पाण्यातला गाळ रात्रभर बसू द्या, मग वाळवा.

एक भाग गम अरेबिक (बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक) दोन भाग कोमट पाण्यात भिजवा. रंग तडकू नये म्हणून थोडा मध, बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा थेंब. मग जाड काचेवर माती आणि डिंकपाणी घोटत बसा, करकर थांबेपर्यंत. कागदावर पट्टा ओढून बघा: वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकाकला तर जास्त.

मुली विचारतात, पळसाच्या फुलांचा रंग का नको? तो उन्हात उडतो. मातीतला तांबडा लोहाच्या ऑक्साइडचा, तो टिकतो. बैलहोंगलकडची काळी माती मात्र घेऊ नका. शेतात भेगाळते तशी ती पॅनमध्येही, म्हणजे रंग वाळवून ठेवायच्या छोट्या डबीतही, भेगाळते.

आता चित्र. रोपलावणीच्या दिवसांतलं शिवार घ्या, कागद तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), सुती. चिखलाच्या पाण्यात आभाळ दिसतं, तिथे कागद कोरा ठेवा, पांढरा रंग लावू नका. ढगांसाठी ह्याच मातीत अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळा. दोन्हींचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पावसाळी करडा आपोआप दाणेदार होतो. मला हा करडा फार आवडतो. रोपांना थॅलो ग्रीन हा विकतचा भडक हिरवा नुसता लावला तर प्लास्टिकसारखा दिसतो. लिंबू पिवळ्यात अल्ट्रामरीन घाला आणि मातीचा एक ठिपका.

घरचा रंग ओला झाला की पुन्हा सुटतो. म्हणून दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्या, आणि एकाच फटकाऱ्यात. जुलैत आमच्याकडे हवाच ओली असते, तेव्हा कागद चुलीजवळच्या भिंतीला उभा ठेवा.