परदेशी निधी मागण्याआधी या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महिला संस्थांचे हिशेब आणि अर्ज मी २२ वर्षं बघते आहे. कुठे कौटुंबिक हिंसाचाराचं समुपदेशन केंद्र, कुठे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची नोंदणी, तर धडगाव-अक्कलकुव्याकडे डाकीण ठरवून छळलेल्या बायकांसोबतचं काम. काम खणखणीत असतं, पैसा अडतो तो कागदापाशी. श्रीमंत देशांच्या सरकारी मदतीतला १ टक्काही महिला हक्क संस्थांपर्यंत पोहोचत नाही. त्यातच २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैत यूएसएड या आपल्या मदत संस्थेचा कारभारच संपवला. अशा दिवसांत मंजूर झालेला पैसा आपल्याच चुकीने हातचा जातो, तेव्हा मला रात्री झोप लागत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दुसऱ्याच्या नोंदणीवर पैसे मागवणं. "ताई, आमच्याकडे एफसीआरए नाही, पण त्या मोठ्या ट्रस्टकडे आहे. त्यांच्या खात्यावर मागवू, ते आम्हाला देतील." हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी नियमन कायदा; त्याखाली केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय बाहेरचा पैसा घेता येत नाही. पूर्वी नियमात बसवून असं करता यायचं. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर कलम ७ ने ती वाट पूर्ण बंद केली. परदेशी निधी ज्या संस्थेला मिळाला, तिनेच तो खर्च करायचा. समोरच्या संस्थेकडे स्वतःची नोंदणी असली तरी तिला तो देता येत नाही.

२०२१ मध्ये केळीच्या पट्ट्यातल्या एका महिला मंडळाला परदेशी देणगीदार मिळाला. मंडळाची नोंदणी नव्हती. एका ट्रस्टने १० टक्के कापून बाकीची रक्कम प्रवासखर्च, भाडं आणि मानधन दाखवून मंडळाला द्यायची तयारी दाखवली. मंडळाच्या बायका तशी व्हाउचर बनवायला माझ्याकडे आल्या, मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडून करून घेतली. आठ महिन्यांनी ट्रस्टच्या ऑडिटरने फाइल उघडली, तेव्हा मला बोलावणं आलं. प्रवासाची ३४ व्हाउचर, सगळ्यांवर एकच निळी शाई, एकच अक्षर. त्यात एका बाईची सही होती. ती बाई त्या महिन्यात ऊसतोडीच्या टोळीबरोबर बारामतीकडे होती आणि तिला सही येत नव्हती, ती अंगठा लावायची. ट्रस्टने हात झटकून पैसे परत मागितले. पैसे तर मंडळाच्या समुपदेशन केंद्राच्या भाड्यात आणि समुपदेशकाच्या मानधनात गेले होते. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी गळ्यातली पोत गहाण ठेवली. केंद्राला कुलूप लागलं तरी बायका ओट्यावर येऊन बसायच्या आणि विचारायच्या, "ताई, पैसा उनात का?" म्हणजे, पैसे आले का?

अध्यक्षबाईंची नियत साफ होती, म्हणून मला अजून राग येतो. ज्यांनी हा जवळचा रस्ता दाखवला त्यांना कायदा माहीत होता.

सरळ रस्ता लांबचा आहे, पण आहे. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. तेवढा नसेल तर पूर्वपरवानगी मागा. एक ठरावीक देणगीदार, एक ठरावीक रक्कम, त्याचं लेखी वचनपत्र आणि एफसी-३बी हा अर्ज. संयुक्त राष्ट्रांचा पैसा तर या कायद्याच्या व्याख्येत परदेशी स्रोतात मोडतच नाही. महिलांवरील हिंसाचार संपवण्यासाठी १९९६ पासून त्यांचा विश्वस्त निधी आहे. स्पर्धा कठीण असते, तरी मी प्रत्येक संस्थेला एकदा अर्ज लिहून बघायला लावते. आणि तो स्वतः लिहायचा. रकमेच्या टक्केवारीवर अर्ज लिहून देणारे मला चालत नाहीत. त्यांच्या इंग्रजीत तुमचं गावच दिसत नाही. आधी मराठीत किंवा अहिराणीत बोलून घ्या, मी रेकॉर्ड करते, मग भाषांतर.

दुसरं दुखणं चेंज रिपोर्टचं. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत तो दाखल व्हायला हवा. ठराव होतो, चहा होतो, कागद कपाटात राहतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका संस्थेच्या खजिनदार वारल्या. तीन वर्षांनी एफसीआरएचं नूतनीकरण आलं, तर पीटीआरच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थांच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर त्याच बाईंचं नाव आणि अर्जात दुसरंच. विचारणा आली, उत्तर द्यायला उशीर झाला, मुदत संपली. मुदत संपली की खात्यात पैसा असूनही हात लावता येत नाही. चार महिने समुपदेशक बिनपगारी बसली. नोंदणी पाच वर्षांची असते आणि मुदतीच्या निदान चार महिने आधी अर्ज करा असं गृह मंत्रालय सांगतं. मी एक वर्ष आधी उतारा काढते आणि विश्वस्तांची नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघते. "सौ." आणि "श्रीमती"मुळेसुद्धा अडलेलं बघितलंय.

परदेशी निधीचं वार्षिक एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरा, वर्षभरात एक रुपया आला नसेल तरी.

परदेशी पैसा आधी नवी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच आला पाहिजे, मग तुमच्या गावच्या खात्यात. त्यात बचत गटाचे हप्ते भरू नका. त्यावरचं व्याजही परदेशीच धरलं जातं.

पुतण्या अमेरिकेत आहे, तो देणगी देतो म्हणतो? त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असूनही ती परदेशीच.

परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पूर्वी ही मर्यादा ५० होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार नियमाने त्यातून वगळले आहेत. त्याच न्यायाने समुपदेशकाच्या नेमणूकपत्रात ती रोज काय करते ते स्पष्ट लिहा आणि सीएला दाखवा. "ऑफिस स्टाफ" एवढंच लिहिलं तर तिचा पगार प्रशासनात जातो.

शेवटी फोटो. अहवाल भरीव दिसावा म्हणून पीडित बायकांचे चेहरे पाठवणं मला अजिबात मान्य नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. कुठली बाई कुठल्या गावची, हे खान्देशात अर्ध्या दिवसात कळतं. नाव बदललं तरी मागची विहीर आणि घराचा रंग ओळखू येतो. मी केंद्राच्या बंद दाराचा आणि बाहेर काढलेल्या चपलांचा फोटो पाठवते. एकदा त्यात १७ जोड होते, दोन अगदी लहान मुलींचे. आजवर कुठल्याही देणगीदाराने त्यावरून हप्ता अडवलेला नाही.