पाच वॉटचा लेझर घरात चालवायचा तर आधी पेटी, मग चष्मा

ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये लेझर एनग्रेव्हर (लाकडावर वगैरे लेझरने नक्षी जाळणारं मशीन) सहसा हॉलमधल्या टेबलावर नाहीतर गॅलरीत चालतो. मशीन उघडं असतं, घरात मुलं फिरत असतात आणि कोपरखैरण्यासारख्या ठिकाणी समोरची खिडकी गल्लीपलीकडेच असते. चष्मा फक्त तो घालणाऱ्याला वाचवतो. म्हणून पहिला खर्च मशीन झाकणाऱ्या पेटीवर करा.

जाहिरातीतले २० किंवा ४० वॉट अनेकदा विजेचे असतात. डोळ्यांसाठी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ताकद बघायची. ४५० नॅनोमीटरचा ५ वॉटचा निळा डायोड वर्ग ४ मध्ये, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोकादायक वर्गात येतो, कारण ५०० मिलिवॉटच्या वरचं सगळं वर्ग ४. दृश्य प्रकाशात वर्ग २ ची मर्यादा १ मिलिवॉट आहे आणि तिथे पापणी पाव सेकंदात मिटते ती पुरते. ५ वॉटला पाव सेकंद खूप झाला. ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश थेट रेटिनापर्यंत जातो आणि डोळ्याचं भिंग तो एका बारीक ठिपक्यावर गोळा करतो. स्टीलचा बेड, क्लॅम्प, बोटातली अंगठी यांवरून उलटलेला किरणही तितकाच वाईट.

पेटीसाठी १२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. आतून काळा मॅट रंग द्या, चकचकीत ऑइल पेंट नको. झाकणाच्या कडेला आतून पट्टी ठोका म्हणजे फटीतून सरळ किरण निघणार नाही. धुराच्या ४ इंची पाइपला पेटीबाहेर एक काटकोनी वळण द्या. सरळ भोक म्हणजे खिडकीच. बघायला नारिंगी ॲक्रिलिकची काच लावायची असेल तर ४५० नॅनोमीटरसाठी ओडी (प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) किती ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. साइनबोर्डवाल्याकडचं नारिंगी शीट रंगाने सारखं दिसतं, पण ते किती अडवतं याची हमी कोणी देत नाही. आम्ही तर काच टाळून आत स्वस्त वेबकॅम बसवायला सांगतो.

झाकणाला दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच, किमान ५ अँपिअरचा. कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, न दाबता तुटलेली राहणारी) या पिना वापरा, म्हणजे झाकण दाबलेलं असतानाच सर्किट जुळेल आणि वायर तुटली तरी लेझर बंदच राहील. दोन्ही स्विच सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक), तेही लेझर हेडच्या १२ व्होल्टच्या लाइनमध्येच घाला. फक्त कंट्रोलरच्या पिनला जोडून भागत नाही, कारण प्रोग्रॅम अडकला की ती पिन कोणी वाचत नाही. त्याच लाइनमध्ये चावीचा स्विच घालून चावी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. आर्डुइनो (मशीन चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होताना त्याच्या पिना काही क्षण तरंगत्या, म्हणजे ना चालू ना बंद असतात. बऱ्याच लेझर ड्रायव्हरांना (लेझरला करंट देणाऱ्या सर्किटांना) इनपुट मोकळा सापडला की ते पूर्ण ताकदीने पेटतात. म्हणून पीडब्ल्यूएम (लेझरची ताकद ठरवणाऱ्या सिग्नलची वायर) आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. पेटी बंद आणि चष्मा डोळ्यांवर ठेवून, लेझरची १२ व्होल्टची लाइन आणि सिग्नल जोडलेला असताना, रीसेटचं बटण दाबून धरा आणि मीटरने या वायरवरचं व्होल्टेज मोजा. ते ०.४ व्होल्टच्या वर दिसलं तर ड्रायव्हरमध्ये आतला पुल-अप (सिग्नल वर ओढणारा रेझिस्टर) असणार. मग रेझिस्टर ४.७ किंवा २.२ किलोओहमवर आणा. लाइट जाऊन परत आली की मशीन आपणहून रीसेट होतं, त्या वेळी याचीच गरज पडते.

चष्मा रंग बघून घेऊ नका. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत येतो: ५,००० मिलिवॉटचे ०.५ मिलिवॉट. ओडी ५ ला ०.०५. म्हणून ५ वॉटला ओडी ५ किंवा जास्त घ्या आणि फ्रेमवर ४५० चा पट्टा व ईएन २०७ (लेझर चष्म्याचं युरोपीय मानक) छापलेलं हवं. “२०० ते २००० नॅनोमीटर सगळ्यांसाठी” असं लिहिलेला चष्मा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असो की ऑनलाइन, तिथेच ठेवा. सगळं अडवलं तर दिसेल काय? निळा एलईडी चष्म्याआडून स्पष्ट निळा दिसला तर तो बाद. न दिसला म्हणून पास समजू नका, आणि लेझरने तर तपासूच नका. नंबरचा चष्मा असेल तर वरून बसणारं मॉडेल घ्या. ५३२ च्या हिरव्या लेझरमधून ८०८ आणि १०६४ चा न दिसणारा प्रकाशही निघू शकतो, चष्मा तेही अडवणारा हवा.

फोकस लावताना सॉफ्टवेअरमध्ये ताकद १ टक्का ठेवली की धोका नाही, असं अनेकांना वाटतं. ५ वॉटचा १ टक्का ५० मिलिवॉट होतो, म्हणजे सरळ वर्ग ३बी, वर्ग ४ च्या खालचा पण डोळ्याला घातकच. झाकण उघडं ठेवून फोकस करायचा असेल तर चष्मा डोळ्यांवर, अंगठी-घड्याळ काढलेलं आणि खोलीत दुसरं कोणी नाही. केवाय-००८ सारख्या ५ मिलिवॉटच्या लाल मॉड्यूलला पेटी लागत नाही, पण किरण गुडघ्याच्या उंचीवर, मॅट भिंतीवर संपणारा ठेवा. गॅलरीतून आकाशाकडे तर अजिबात नको. आता उलव्याच्या विमानतळावरूनही विमानं उडतात.

डोळ्यात किरण गेला तर दुखेल याची वाट बघू नका, रेटिनाला वेदना नसते. नजरेच्या मध्ये काळा ठिपका दिसतो किंवा खिडकीच्या ग्रिलची सरळ सळई वाकडी भासते. गाडी चालवू नका, थेंब घालू नका. त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे जा आणि ओसीटी (रेटिनाच्या थरांचं स्कॅन) करून घ्या. जाताना कागदावर तरंगलांबी, ऑप्टिकल पॉवर, अंतर आणि किरण थेट होता की उलटलेला, एवढं लिहून न्या.