घरच्या भाजीची स्पर्धा घेताय? मग परीक्षणाचे नियम आधी पत्रकात छापा

थंडी पडली की कोल्हापुरात कुठलं ना कुठलं मंडळ, सोसायटी नाहीतर बचत गट घरच्या भाजीची स्पर्धा घ्यायचं मनावर घेतोच, आणि ते लई चांगलं आहे, कारण परडं असलेली घरं कमी झाली तरी गच्चीवर पिंपात, बादलीत, ग्रो बॅगेत भाजी करणारी माणसं वाढलीत. पण निकाल लागला की वाद होतोय. वाद दिसतो निकालाला, त्याचं मूळ असतंय पत्रकात. "उत्कृष्ट भाजीस बक्षीस" एवढंच छापलं तर एका परीक्षकांना मोठं वांगं आवडणार, दुसऱ्यांना कोवळं, आणि ज्या माणसानं रोज जिना चढून पाणी घातलंय त्याला आपण का मागं पडलो हे कळतच नाही. ह्यात त्याच्यावर अन्याय होतो, बक्षीस पाचशेचं असो नाहीतर नुसता नारळ असो.

सगळ्यात आधी गट पाडा. खासबागेच्या आखाड्यात कुस्ती लावताना तोलामोलाची जोड बघतात, तसंच इथं पण. ज्याचं कळंब्याला अर्धा एकर रान आहे आणि ज्याच्या राजारामपुरीतल्या गच्चीवर आठ कुंड्या आहेत त्यांना एका टेबलावर बसवू नका. गच्ची-बाल्कनी, परसबाग, आणि शेत असणारे, असे तीन गट पुरेत. विक्रीसाठी भाजी करणाऱ्यांना घ्यायचं का नाही ते सरळ लिहा. वजनाचा आणि लांबीचा गट पण वेगळाच ठेवा, तिथं रूप बघायचं नाही, फक्त काटा आणि टेप.

मग नग. टोमॅटो ५, वांगी ५, भेंडी १०, गवारी २० शेंगा, मेथीची एक पेंडी (आणि पेंडीला काड्या किती ते पण), असं प्रत्येक भाजीपुढं छापा. ५ सांगितले तर ५च, ६ आणले तरी बाद. इंग्लंडमधल्या भाजी प्रदर्शनांत नग चुकला की परीक्षक त्या ताटाला गुणच देत नाहीत, कार्डावर "पत्रकाप्रमाणे नाही" अशा अर्थाचा शेरा मारतात. ऐकायला कडक वाटतं, पण एकाला सवलत दिली की बाकीच्यांनी कशाला मोजून आणायचं? फक्त ताट घेतानाच आपल्या कार्यकर्त्यानं मोजून "ताई, एक शेंग जास्त आहे" असं सांगावं, परीक्षण सुरू व्हायच्या आधी दुरुस्त करायला हरकत नाही. मापाचं पण तसंच, तिकडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ह्या बागकामाच्या संस्थेच्या नियमात छोट्या टोमॅटोला ३५ मिलीमीटर व्यासाची मर्यादा आहे, आपण पुठ्ठ्याला तेवढं भोक पाडून ठेवलं की चेरी कुठला आणि साधा कुठला ह्यावर वाद राहत नाही.

आता गुण, आणि इथं जरा वेळ द्या. माझ्या मते २० गुणांत ताजेपणा-कोवळेपणा ८, सारखेपणा ६, कीड-डाग नसणं ४, आकार २ एवढं बास. आकाराला मुद्दाम कमी गुण, कारण मोठी पण निबर भाजी घरात कोण खातंय. सारखेपणा म्हणजे पाचही वांगी एका मापाची, एका रंगाची, देठ सारखे कापलेले, चार सुंदर आणि एक राक्षसी असं ताट खाली जायलाच पाहिजे. भेंडीचं टोक मोडून बघायचं, टचकन मोडलं तर कोवळी, वाकून लोंबलं तर गुण गेले. दुधीला नख सहज रुततंय का बघा. काकडी कापून बी बघा, चव पण घ्या, कडू निघाली तर रूप काय कामाचं. वांग्यावर अळीचं बारीक भोक देठाच्या टोपीखाली लपलेलं असतंय, टोपी उचलून बघितल्याशिवाय कळत नाही. टोमॅटोचं बूड काळं पडलंय का ते टोमॅटो उलटा करून बघितल्याशिवाय कळणारच नाही. भाजी मोडणार, कापणार हे पत्रकात आधीच लिहा, नाहीतर स्पर्धक नाराज होतात आणि त्यांचं बरोबरच असतंय.

पडवळ सरळ यावं म्हणून खाली दगड बांधतात, ते चालेल का हा प्रश्न येतोच. चालेल, ती मशागतच आहे. तेल चोळून वांगी चकाकवणं चालणार नाही. मिरची-भेंडी फारच हिरवीगार वाटली तर कापूस लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून चोळा, कापूस हिरवा झाला तर रंग लावलाय.

खरी डोकेदुखी बाजारातनं आणलेल्या भाजीची. लक्ष्मीपुरीतनं वांगी घेऊन ताट लावलं तर कसं ओळखणार? नाव नोंदवल्यापासून स्पर्धेपर्यंत एकदा तरी मंडळाच्या दोघांनी स्पर्धकाकडं जाऊन झाड बघून यायचं, न सांगता, आणि सगळ्यांकडं जायचं, नुसतं संशय असलेल्यांकडं नाही. व्हॉट्सअपवरच्या फोटोवर विसंबू नका. ताट देताना दोन साधे प्रश्न विचारा, बी कधी टाकलं, मावा कीड पडली तेव्हा काय मारलं. ज्यानं भाजी केलीय तो थांबतच नाही बोलायचा.

परीक्षक दोन नाहीतर तीन, शक्यतो दुसऱ्या पेठेतले, आणि ज्यांचे कुणी घरचे, नात्यातले किंवा शिकवलेले स्पर्धेत आहेत त्यांनी त्या गटाला बसायचं नाही. बक्षीस देणाऱ्या दुकानदाराला परीक्षक करू नका. ताटावर नाव नको, फक्त नंबर, आणि परीक्षण चालू असताना स्पर्धक हॉलबाहेर, अध्यक्ष सुद्धा बाहेर. आत एक कार्यकर्ता गुण लिहायला, त्यानं तोंड उघडायचं नाही. प्रत्येकानं आपले गुण स्वतंत्र लिहायचे, मग बेरीज. बरोबरी झाली तर ताजेपणाचे गुण बघा, तिथं पण बरोबरी असेल तर बक्षीस दोघांना वाटून द्या, चिठ्ठी टाकू नका.

काटा घेताना त्यावर वैधमापन खात्याचा मुदत न संपलेला शिक्का आहे का बघा, आणि सुरुवातीला सगळ्यांसमोर किलोचं वजन ठेवून दाखवा. देठ किती ठेवायचा, वाकड्या दोडक्याची लांबी वाकेवरनं दोरीनं मोजायची का सरळ, हे लिहिलेलं पाहिजे.

निकाल लागल्यावर प्रत्येक कार्डावर एक ओळ लिहा, हरलेल्यांच्या पण. "गवारी १९, हव्या २०." "दोन वांगी निबर." एवढं वाचलं तरी माणूस पुढच्या वर्षी परत येतो. तक्रारीला एक तास द्या, लेखी घ्या, आणि तोवर एकही ताट हलवू नका, कापलेली काकडी सुद्धा तिथंच राहू दे. तास संपला की ज्याची भाजी त्याला परत.